घाऱ्या आमच्या, भोपळा मालूबाईचा

जी वस्तू आपल्याला नकोच आहे, ती शेजारणीला मिळाली म्हणून कुणी जळतं का? माझ्या सासूबाई जळतात. चंपाबाई त्यांचं नाव. गावात सगळे त्यांना चंपाक्का म्हणतात.

कोगनोळीत आमचं घर आहे आणि घरामागे सासूबाईंचं परडं. लग्न होऊन मी बेळगावहून इथं आले तेव्हा त्यांनी मला देवघराच्याही आधी हे परडं दाखवलं. शेवगा, कढीपत्ता, दोडक्याचा मांडव, कडेला भोपळ्याचा वेल. पाणी घालताना त्या प्रत्येक झाडाला दोन ओळी म्हणायच्या. कुठं लिहिलेल्या नाहीत, कुणाकडून शिकलेल्या नाहीत, तोंडाला येतील तशा. 'भोपळ्याच्या वेला, पसर रे पाय, घाऱ्यांची कढई वाट बघत हाय.' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. पुढे पुढे त्या गप्प असल्या की चुकल्यासारखं व्हायला लागलं.

घाऱ्यांची कढई म्हणजे महावीर जयंतीची. आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, त्या दिवशी गावजेवण असतं आणि त्यात भोपळ्याच्या घाऱ्या सासूबाईंच्या. गूळ बाजारचा, गहू शेतातला, पण भोपळा मात्र आपल्याच परड्यातला हवा, हा त्यांचा हट्ट. वर्षभर त्यांना कुणी काही विचारत नाही. सासरे गेल्यापासून शेताचे निर्णय माझा नवरा वृषभ घेतो, आणि घरातलं बरंचसं, खरं सांगायचं तर, मी घेते. जयंतीच्या पंगतीत मात्र बायका 'चंपाक्का, अजून एक' म्हणतात, आणि त्या एका वाक्यावर बाई पुढचं वर्ष काढते.

शेजारच्या मालूबाईंच्या युवराजनं दिवाळीनंतर कसलंसं ट्रेनिंग घेऊन मधमाश्यांच्या पेट्या आणल्या आणि कुंपणापलीकडे मांडल्या. आमच्या घरात मध चालत नाही. माश्यांनी स्वतःसाठी साठवलेलं आपण लुबाडायचं, हे आमच्या धर्मात बसत नाही. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात मधाचं बोट चाटलेलं नाही. तेव्हा पेट्यांशी त्यांना काही देणंघेणं नसायला हवं होतं.

माघ सरता सरता आमचा शेवगा पांढराशुभ्र झाला आणि माश्यांची रीघ लागली. फाल्गुनात युवराजनं मध काढला. मालूबाई बरणी उन्हात धरून कुंपणाशी आल्या. मनानं अगदी साध्या आहेत त्या. त्यांना कौतुकच करायचं होतं.

"आक्का, बघा की कसा रंग आलाय. सगळा तुमच्या शेवग्याचा गुण."

"व्हय, दिसतंय," सासूबाई म्हणाल्या आणि आत आल्या.

आत येऊन त्यांनी पिठाचा डबा आपटला. मग बोलायला लागल्या. झाड मी लावलं. पाणी मी घातलं. उन्हाळ्यात धुण्याचं पाणी साठवून मी जगवलं. आणि गावात नाव कुणाचं, तर मालूचं. शाळेतल्या बाई मध मागायला येत होत्या, निपाणीचे पाहुणे येत होते, आणि सगळे आमच्याच दारावरून जात होते. सासूबाई खिडकीतून मोजत असाव्यात.

"आई, आपल्याला कुठं मध खायचाय?" मी म्हटलं.

"खायचा न्हाई गं. पर जातोय तर माझाच न्हवं?"

दुसऱ्या दिवशी पाणी घालताना नवीन ओळी ऐकू आल्या, मुद्दाम मोठ्यानं: 'फुलं आमची, राबणूक आमची, बरणी भरती शेजारणीची.' पलीकडे मालूबाई भांडी घासत होत्या. त्या खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "छान जुळवलंय, आक्का." सासूबाईंचा दिवस तिथंच नासला.

शेवगा उंच, त्याला झाकता येईना. मग त्यांची नजर भोपळ्याच्या वेलावर गेली. वेल नुकता फुलायला लागला होता, आणि त्या पिवळ्या फुलांत मालूबाईंच्या माश्या सकाळी सकाळी तोंड घालून बसायच्या. सासूबाईंनी माळ्यावरची जुनी मच्छरदाणी काढली, वेलाभोवती काठ्या रोवल्या आणि अख्खा वेल झाकून टाकला. कडेला दगड ठेवले.

"आता या म्हणावं," त्या म्हणाल्या.

वृषभ हसला. मीही हसले. म्हटलं, म्हातारीचा खेळ आहे, चार दिवसांत विसरेल. पण त्यांनी काही ती मच्छरदाणी उचलली नाही. फुलाखाली सुपारीएवढा भोपळा दिसायचा, त्यांचा चेहरा उजळायचा, आणि दोन-तीन दिवसांत तो पिवळा पडून गळायचा. परत दुसरा, परत तेच. सासूबाईंनी राख घातली, ताक घातलं, वेलाला काळी चिंधी बांधली.

"मालूची नजर लागली," त्या मला कानात म्हणाल्या. "रोज बघती कुंपणावरनं."

नजर कुणाची होती ते मला दिसत होतं. पण खरं कारण मलाही कळलं नव्हतं, हेही सांगते. मी बेळगावात वाढलेली, मला भोपळा बाजारातला माहीत. शेवटी मालूबाईंनाच राहवलं नाही. एक दिवस सासूबाई बस्तीत गेल्या होत्या तेव्हा त्या मला म्हणाल्या, "राजश्री, आक्कांना सांग गं, ती मच्छरदाणी काढा म्हणावं. माशी या फुलावरनं त्या फुलावर गेल्याबिगर भोपळा धरत न्हाई. मी सांगितलं तर राग यायचा."

मी सांगितलं. सासूबाईंनी दगड बाजूला केले आणि मच्छरदाणी गोळा केली. पुढे एक भोपळा धरला, पण जयंती तोंडावर आली तरी तो मुठीएवढाच होता.

वृषभ म्हणाला, निपाणीहून आणतो, हवे तेवढे. सासूबाईंनी नको म्हणून मान हलवली. बाजारचा भोपळा त्यांनी बस्तीत कधी नेला नव्हता. "औंदा घाऱ्या न्हाईत म्हणून सांगून ये," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्यांना असं मी सासरे गेले तेव्हाच पाहिलं होतं, आणि मला पहिल्यांदा त्यांचा राग आला नाही.

संध्याकाळी मालूबाईंनी कुंपणावरून आपल्या वेलावरचा एक भोपळा आमच्या बाजूला ठेवला. मोठा, केशरी, देठासकट. सासूबाई उठल्या, भोपळ्याभोवती एक फेरी मारली, बोटानं वाजवून पाहिला. त्यात खोट सापडली असती तर त्यांना किती बरं वाटलं असतं. मग त्यांनी वृषभला हाक मारली, कारण अख्खा भोपळा आमच्यात बाईनं आधी चिरायचा नसतो.

जयंतीला पालखी फिरून आली आणि पंगत बसली. गावातले सगळे होते, मालूबाईही होत्या. सासूबाई परात घेऊन वाढायला निघाल्या. पहिल्याच रांगेतल्या जयाबाई घास तोंडात असतानाच म्हणाल्या, "चंपाक्का, औंदा यात काय घातलंसा? असल्या घाऱ्या कधी खाल्ल्या नव्हत्या." शेजारची म्हणाली, व्हय, दरसालपेक्षा गोड. मग सगळी रांगच म्हणायला लागली.

सासूबाईंनी मालूबाईंकडे पाहिलं. मी पण पाहिलं. मला वाटलं, आता या सांगणार. पण मालूबाई खाली मान घालून जेवत होत्या. त्यांनी आणखी एक घारी मागून घेतली, बाकीच्यांसारखीच, आणि 'लई चांगल्या झाल्यात' एवढंच म्हणाल्या. सासूबाईंना ते सोसलं नाही. मध तिचा, नाव तिचं, आणि आता मनाचा मोठेपणाही तिचाच?

"भोपळा हिचा हाय," त्या एकदम म्हणाल्या. "माझ्या वेलावर एक बी पिकला न्हाई."

बायका मालूबाईंकडे वळल्या. बियाणं कुठलं, पेट्या कुठल्या, युवराज आमच्यात बी एक पेटी ठेवंल का. मालूबाई लाजून उत्तरं देत होत्या. सासूबाई अर्धी परात घेऊन रांगेच्या मध्ये उभ्या होत्या आणि 'अजून एक' कुणी म्हणत नव्हतं. मी पुढे होऊन परात घेतली.

घरी आल्यावर त्या चुलीपाशी बसल्या. मी पाणी दिलं.

"पीठ मी मळलं," त्या म्हणाल्या. "गूळ मी घातला. तळल्या मी. घाऱ्या माझ्याच हुत्या न्हवं?"

"व्हय आई, तुमच्याच."

त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मग औंदाच गोड का झाल्या गं?"

मी त्यांच्याजवळ बसून राहिले.