वाटाण्याएवढं मलम

गिऱ्हाइकाला माल न देण्यासाठी रोज सकाळी साडेआठला शटर वर करणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या आत्येचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं औषधांचं दुकान होतं. दुकान इतकं अरुंद, की आतोबा शिंकले तर चारी कपाटांतल्या बाटल्या किणकिणत. कुणी काउंटरशी उभं राहिलं की आतोबा 'काय देऊ?' असं कधीच विचारत नसत. हात पुढे करून म्हणत, "चिठ्ठी?" डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर तो माणूस त्यांच्या लेखी उघडाच फिरत होता. "शेजाऱ्याला याच गोळ्यांनी गुण आला हो," असं कुणी म्हणालं, तर ते शांतपणे विचारत, "शेजाऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचता का?" दहा गोळ्या लिहिलेल्या असताना कुणी चारच मागितल्या तर, "बाकीच्या सहा काय मी खाऊ?" म्हणून कागद परत. एकदा खाडीवरची एक कोळीण, डोक्यावरची पाटी खाली न ठेवताच, लेकीसाठी रंग उजळायचं मलम मागायला आली. त्या मलमाने कातडी कागदासारखी पातळ होते, आधी डॉक्टरला दाखव, असं आतोबांनी तिला पाव तास समजावलं. ती निघताना साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अरं दादा, ह्यो दुकान हाय का देऊल? निस्ता दर्शन घेवाचा न जावाचा!" आतोबांना ते इतकं आवडलं की पुढे महिनाभर ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. आत्या मात्र कपाळाला हात लावायची. "कितीही शिट्ट्या काढा, हा दाणा शिजत नाही," असं ती त्यांच्या देखतच म्हणे. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे आतोबांचा सगळा हट्ट दुकानात आणि उरलासुरला आमच्या घरात खर्च होई.

आमच्या घरात तेव्हा एकच प्रश्न होता, ताईच्या पुटकुळ्या. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. वयाच्या सोळाव्या वर्षी तिच्या गालांवर ज्या पुटकुळ्या आल्या, त्या तेविसाव्या वर्षीही मुक्कामाला होत्या. डाळीचं पीठ, चंदन, मुलतानी माती, जायफळ, आईने तिच्या तोंडाला लावलं नाही असं स्वयंपाकघरात फक्त रॉकेल उरलं होतं. ताई तशी हसरी, पण फोटो काढायचा म्हटलं की ती गायब. आमच्या घरातल्या एकाही फोटोत ताईचं तोंड नाही. कुठे ती मावशीच्या अंबाड्यामागे आहे, कुठे नेमकी खाली वाकून चप्पल शोधते आहे. तिला स्थळ आलं ठाण्याचं, खोपटचं. मुलाने तिला आहे तशी पाहून, दोनदा पोहे खाऊन पसंत केलं होतं. तक्रार कुणाचीच नव्हती. पण लग्न ठरल्याच्या दिवशीच ताई मला गॅलरीत म्हणाली, "अरे, लग्नाच्या तरी फोटोत मला समोर बघायचंय रे." मी तेव्हा कॉलेजात, अतिशय टवाळ. तरी त्या वाक्यावर मला काही विनोद सुचला नाही.

लग्न वैशाखात होतं. फाल्गुनात आतोबा स्वतः तिला ठाण्याच्या कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी एक मलम लिहून दिलं आणि ती ट्यूब आतोबांनी आमच्या घरी अशी आणली, जशी लोक गंगाजलाची लोटी आणतात. आम्हा सगळ्यांना चटईवर बसवलं. मग खिशातून काडेपेटी काढली, उघडली. आत कापसावर एक वाळलेला हिरवा वाटाणा.

"एवढंच," ते म्हणाले.

"एका पुटकुळीला?" बाबांनी भाबडेपणाने विचारलं.

"सगळ्या तोंडाला! रोज रात्री, एकदाच. तोंड धुवायचं, अर्धा तास थांबायचं, कातडी कोरडी ठणठणीत झाली की बोटाने पातळ पसरायचं. डोळे, ओठ, नाकाचे कोपरे सोडून. दिवसा उन्हात जायचं नाही, गेलीस तर छत्री. आणि नीट ऐक, पहिले काही आठवडे चेहरा आहे त्याहून वाईट दिसेल. साल निघेल. तेव्हा रडायचं नाही आणि मलम वाढवायचं नाही. जास्त लावल्याने लवकर बरं होत नाही, लवकर भाजतं."

हे सगळं त्यांनी ताईकडून तीनदा म्हणून घेतलं, आणि वर माझ्याकडूनही, माझ्या तोंडावर एक पुटकुळी नसताना. काडेपेटी आरशाखाली ठेवून दिली. पुढे दर रविवारी ते हजर. ताईचा चेहरा बघायच्या आधी ट्यूब बघत. माझी फूटपट्टी मागून घेत, शेपटीकडून ट्यूब किती गुंडाळली गेली ते मोजत, तिथे शाईने बारीक रेघ मारून तारीख घालत. आई चहा ठेवायला जाताना पुटपुटायची, "दूधवाल्याच्या मापाला कधी इतकं बघितलं नाही यांनी."

तीन रविवार रेघा शहाण्यासारख्या सरकल्या. चेहरा मात्र आतोबांनी सांगितल्याबरहुकूम बिघडला. साल निघू लागली, नव्या पुटकुळ्या उठल्या. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या बिल्डिंगचा स्वभाव आडवा आला. आमच्याकडे विरजण कुणाचंच स्वतःचं नसे. ते तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत वाटीवाटीने फिरत असे, आणि त्याच रस्त्याने चहापावडर, इस्त्री आणि घरगुती औषधंही फिरत. शेजारच्या काकू एका दुपारी आल्या. "वहिनी, ठाण्याच्या डॉक्टरांचं मलम आणलंय म्हणे? थोडं द्या की. ह्यांच्या टाचांच्या भेगा काही केल्या भरत नाहीत." विरजण मागितल्यावर नाही म्हणायची आमच्या आईला सवय नव्हती. तिने आपल्याच एका वाटीत मलम पिळून दिलं.

पुढच्या रविवारी आतोबांनी फूटपट्टी लावली, परत लावली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा लावली. ट्यूब अर्ध्यावर आली होती. त्यांनी मान वर केली आणि मग ताईकडे पाहिलं. ताईचं तोंड टोमॅटोसारखं लाल, गालांवर पापुद्रे, डोळ्यांच्या कडा सुजलेल्या.

"कुठे गेली होतीस?"

"गच्चीवर," आई म्हणाली. "रुखवताच्या कुरडया घातल्यात ना. कावळे हाकायला कुणीतरी नको का?"

"भर दुपारी? हे मलम लावणाऱ्या मुलीला?"

मग वाटीची हकिकत निघाली. आतोबा उठले, अनवाणीच शेजारच्या दारात गेले आणि कडी वाजवली. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, घासून आणून देते वाटी!"

"वाटी ठेवा! मलम द्या!"

काकांच्या टाचा आठवड्यात कांद्यासारख्या सोलवटल्या होत्या. वाटी जप्त झाली. पण वाटीतलं धरूनही हिशेब जुळेना. आतोबा परत येऊन चटईवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अजून बरंच कमी आहे, बाळ."

ताई रडायला लागली. "मी सकाळीपण लावत होते, आतोबा. जाड. महिनाच राहिलाय हो. मला एकदा, एकदाच फोटोत समोर बघायचंय."

आतोबा फणकारतील, 'जास्त लावल्याने' वगैरे पाठ म्हणायला लावतील, या तयारीने मी बसलो होतो. त्यांनी फक्त फूटपट्टी मला परत दिली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दुकानाचं शटर खाली होतं. त्यांच्या आईच्या तेराव्यालाही ते दुपारनंतर उघडलं होतं. 'दुकानदार गेले की काय' म्हणून दोन गिऱ्हाइकं आत्याकडे चौकशीला आली. आतोबा ताईला घेऊन ठाण्याला डॉक्टरांसमोर बसले होते. डॉक्टरांनी मलम पूर्ण बंद करायला सांगितलं. आग थांबेपर्यंत फक्त साधं व्हॅसलीन, मग एक रात्र सोडून एक रात्र, तोच वाटाणा. लग्नापर्यंत जेवढं होईल तेवढं होईल, असंही ते स्पष्ट म्हणाले.

आणि कुरडया? त्या आठवड्यात आमच्या गच्चीवर बिल्डिंगने जे पाहिलं ते तिकीट लावून दाखवण्यासारखं होतं. दुपारी दुकान बंद करून आतोबा डोक्याला पंचा गुंडाळून, हातात काठी घेऊन कुरडयांच्या मधोमध स्टुलावर बसलेले. कावळा आला की त्याला हाकलण्याआधी ते त्याच्याशी बोलत. "चिठ्ठी आहे?" मी स्वतः ऐकलंय. कावळ्यांकडेही चिठ्ठी नसायची.

हळदीच्या दिवशी करवल्या वाट्या भरभरून हळद घेऊन ताईवर धावल्या तेव्हा बायकांच्या त्या गर्दीत एकच पुरुषी आवाज उठला, "हातांना लावा, पायांना लावा! तोंडाला वाटाण्याएवढी!" साऱ्या बायका इतक्या हसल्या की पुढे आमच्या नात्यातल्या प्रत्येक हळदीत हे वाक्य कुणीतरी म्हणतंच.

लग्नाला ताईचा चेहरा काही सिनेमातल्या नटीसारखा झाला नव्हता. चार डाग होते, एक चुकार पुटकुळी हनुवटीवर अक्षता झेलायला आली होती. पण लाली गेली होती, गाल शांत होते. फोटोग्राफर म्हणाला, "वहिनी, इकडे बघा," आणि ताईने बघितलं. सरळ, समोर. मी पंगतीत वाढत होतो. हातातलं जिलबीचं ताट तसंच राहिलं.

पाठवणीच्या आधी वधूपक्षाच्या खोलीत आतोबा आले आणि नुसतेच खाकरत उभे राहिले. "ते... मलम. सासरी न्यायचं नाही. दे इकडे."

"अहो आतोबा, पण अजून शिल्लक आहे की. गुणही येतोय."

"नाही न्यायचं. म्हणजे... पुढे... देवाच्या कृपेने... डॉक्टरांनीच सांगितलंय..." औषधाच्या प्रत्येक बाटलीवरचं वाचून दाखवणाऱ्या माणसाला पुढचा शब्द सापडेना. त्यांचे कान चक्क कुंकवासारखे लाल झाले होते. आत्या मागून म्हणाली, "अहो, सरळ सांगा ना!" मग तीच पुढे झाली आणि ताईच्या कानात सांगितलं, की दिवस राहायचे असतील तेव्हा हे मलम वापरायचं नसतं. ताईने मान खाली घातली, पिशवी उघडली आणि ट्यूब आतोबांच्या हातात दिली. "पुन्हा त्रास झाला तर आधी डॉक्टर," ते घाईघाईने म्हणाले, "मग मी." तेवढ्यात बाहेरून फोटोसाठी हाका सुरू झाल्या आणि ते तसेच ओळीत जाऊन उभे राहिले.

आता आतोबा नाहीत. दुकानाच्या जागी साड्यांचं दुकान आहे, तिथे न मागता सगळं दाखवतात. परवा ताईकडे गेलो होतो. तिची लेक सोळाची झाली आहे, गालांवर व्हायचं ते झालं आहे, आणि डॉक्टरांनी दिलेली नवी ट्यूब तिच्या टेबलावर आहे. ती लग्नाचा अल्बम चाळत होती.

"मामा, या आजोबांनी मूठ का आवळलीय? काय आहे तिच्यात?"

"मलमाची ट्यूब," मी म्हणालो. "तुझ्यासाठी काढून घेतलेली."

"माझ्यासाठी? मी तेव्हा कुठे होते?"

"तेच तर," ताई म्हणाली. ती उठून स्वयंपाकघरात गेली. डबे उघडल्याचा, झाकणं लागल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या तळहातावर एक वाळलेला वाटाणा होता.