गोरज मुहूर्त आणि माझा लोकरी कोट

मी भूगोल शिकलेलो नाही. मला त्याची कधी गरज पडली नाही. पडली ती माझ्या धाकट्या भावाला, आणि तीही ऐन लग्नात.

मध्यप्रदेश नुकताच झाला होता. पुढच्याच वैशाखात आमच्या मधूचं लग्न ठरलं, घाटाखाली निमाडात, सनावदला. वडील नव्हते, म्हणजे घरात मोठा मी. चौथीपर्यंत शिकलेला (बायको तिसरी म्हणते, पण तिचं कोण ऐकतं!), इंदूरच्या मिलमध्ये फिटर. तेव्हा अक्कल भरपूर.

साखरपुड्यातच मधूचे सासरे, तात्या, मला म्हणाले, "दादासाहेब, निमाडचं ऊन वेगळं. सुती कपडे घाला, सोबत पाणी ठेवा."

"तात्या, आता राज्य एक झालं. ऊन वेगळं कसं राहील?"

मधू शाळेत मास्तर. घरी येऊन त्यानं नकाशाच पसरला. "दादा, हे पाहा. इकडे चंबळचे बेहड, त्या खोल घळी, तिकडे बस्तरचं जंगल, खाली सातपुडा. आपण वर पठारावर, ते नर्मदेच्या खोऱ्यात..."

"गुंडाळ तो! सगळ्याला रंग एकच दिलाय. सरकारला कळतं, तुला कळत नाही?"

मग मी हुकूम सोडला: पुरुषांनी लोकरी कोट घालायचे. वरपक्ष काय बनियनवर जाणार? शिवाय संध्याकाळी गार पडतं, म्हणून शाली. आणि सुरई एकही नाही. माळव्यात पावलापावलावर पाणी, सुरया काय मिरवायच्या?

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाची बस घाट उतरली आणि कुणीतरी भट्टीचं दार उघडल्यासारखा लूचा तापलेला वारा आत आला. मामांनी कोट काढायला हात घातला. मी नुसतं पाहिलं. हात खाली!

तेवढ्यात बस थांबली. ड्रायव्हर ओरडला, "भिया, पानी लाओ! गाडी उबल री हे!"

पाणी? वऱ्हाडात पाणी म्हणून जे काही होतं, ते पाहुण्यांवर शिंपडायच्या गुलाबपाण्याच्या चार बाटल्या. चारही रेडिएटरनं घेतल्या. बस सुवास दरवळवत निघाली, आत आम्ही लोकरीत उकडत होतो.

मोरटक्क्याला नर्मदा दिसली. बस थांबायच्या आधीच वऱ्हाड उतरलं, ते थेट गळ्यापर्यंत पाण्यात! नवरदेवासकट!

"अरे चलो यार, गोरज मुहूर्त आहे!" मी काठावरून ओरडत होतो, कोटाची सगळी बटणं लावून.

"तुम्ही व्हा पुढे," बायको पाण्यातून म्हणाली. "लग्न तुम्हीच लावून घ्या!"

मांडवात पोचलो तशी आम्ही इंदूरहून सोबत आणलेल्या भटजींनी घड्याळ पाहून मान हलवली. "गोरज मुहूर्त टळला. या पत्रिकांना पुढचा मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर." मुंडावळ्यांमागे मधूचा चेहरा पांढराफटक पडला. आतून नवरीचं मुसमुसणं ऐकू येऊ लागलं.

तात्या शांत. "भटजी, गोरज म्हणजे गुरं परततात ती वेळ ना? आमच्याकडे या उन्हात गुरं नदीकाठच्या सावलीतून उठतच नाहीत. उशिराच येतात. अजून एक गाय आलेली नाही."

"पण मी वेळ काढली इंदूरची," भटजी म्हणाले. "आणि दादाच म्हणतात ना, राज्य एक, ऊन एक? मग गोरजही एकच!"

"मग दादासाहेबांनाच विचारू," तात्या म्हणाले.

सगळा मांडव माझ्याकडे बघू लागला. मधूनं हात जोडले. घामानं माझा कोट आतून भिजला होता. आयुष्यात मी शब्द मागे घेतला नव्हता (घ्यायची वेळ आली की मी बहिरा होतो).

"इथल्या गायी... वेगळ्या आहेत," मी म्हणालो.

"नुसत्या गायी?" तात्यांनी विचारलं.

"ऊनसुद्धा."

"ऐकू नाही आलं, दादासाहेब."

"अहो, निमाड वेगळा! हवा वेगळी, माती वेगळी, सगळं वेगळं! धरा तो अंतरपाट!"

आणि खरंच, वेशीकडून धूळ उठली, घंटा वाजू लागल्या. भटजींनी घड्याळ खिशात टाकलं. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि मी कोटाचं पहिलं बटण काढलं.

मधूनं पुढे शेकडो पोरांना भूगोलात पास केलं. त्याच्या थोरल्या भावाला मात्र सनावदच्या गायींनी पास केलं, तेही तोंडी परीक्षा घेऊन!