टाकीच्या तळाशी सोडलेला पाइप

आमच्या हॉलचं एसीचं मशीन दिवसा झोपा काढतं. रात्री वीज स्वस्त, म्हणून रात्रभर ते पाणी गार करून मागच्या उंच टाकीत साठवतं. दुपारी तेच पाणी हॉलभर फिरून वऱ्हाडाला गारवा देतं. टाकीचा नेम एकच: ढवळायचं नाही. गार पाणी जड, ते तळाशी बसतं. फिरून आलेलं कोमट पाणी वर राहतं. दोघांची ओळख करून द्यायची नाही. हे पाळायचाच मला पगार मिळतो.

मे महिन्यात साडूच्या मुलीचं लग्न याच हॉलमध्ये ठरलं, माझ्या शब्दावर. साडू साताऱ्याकडचे, नवरामुलगा अर्नाळ्याच्या कोळ्यांचा. "सोयरे समुद्राचा वारा खाऊन वाढलेत," साडू रोज बजावायचे. "त्यांच्यापुढे माझी मान खाली जायला नको."

मी म्हटलं, "शाल घेऊन या."

लग्नाच्या सकाळी टाकीची पातळी जराशी उतरलेली दिसली, आणि नेमकं तेव्हाच नळाला पाणी आलं. वसई-विरारकराला पुढचं सांगायला नको. पाणी आलं की आपलं डोकं बंद पडतं आणि हात पाइप शोधतात. घरी पिंपात सोडतो तसा, उसळून बाहेर पडू नये म्हणून, मी पाइप थेट तळापर्यंत सोडला, नळ पुरता उघडला आणि स्वतःवर खूश होऊन चहाला गेलो.

परतलो तर टाकीवरच्या तापमानाचा वरचा काटा आणि तळाचा काटा एकाच आकड्यावर. तळातून जोरात उसळणाऱ्या नळाच्या कोमट पाण्याने रात्रभराचा गारवा मी ढवळून ठेवला होता. मशीन लावलं, पण त्याला अख्खी रात्र लागते. मुहूर्त कुठे थांबतो?

अक्षता पडेपर्यंत हॉलची भट्टी झाली. नवरीची पावडर ओघळून गळ्याशी आली. साडूंनी मला खांबामागे गाठलं. "शाल आणू?"

एवढ्यात नवऱ्याची आई पदराने वारा घेत आली. "काय वो, एसीचा गार पानी संपला काय?"

"संपलं नाही. ढवळलं गेलं."

"कोनी ढवलला?"

मी बुटांकडे बघितलं. साडूंनी माझ्याकडे.

बाईंनी सरळ फोन लावला. "बोटीसाठी घेतलेला बर्फ हिकरं आना!"

टेम्पो आला. भुशात, गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या. नव्या कोऱ्या कुर्त्यावर गोणपाट टाकून मी त्या खांद्यावरून वाहिल्या, पंख्यांपुढे मांडल्या. खांदा बधिर, पाठ मोडलेली. हॉल मात्र हळूहळू निवला आणि त्याला बोंबलाचा वास सुटला.

साडू पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "विहीणबाई, फार लाजवलंत."

"लाज कसली? तुमचा हॉल, आमचा बर्फ. पोरगी आमच्यात आली ना आता?"

साडू त्या दिवशी पहिल्यांदा हसले. मीही हसत पुढची लादी उचलायला वाकलो.

"तुम्ही नको," साडू म्हणाले. "तुम्ही तिकडे कोपऱ्यात बसा. आणि कशालाही हात लावू नका."

बसलो. खरं सांगतो, तेवढंच हवं होतं.