बांधील नाही

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारा पहिला माणूस मी. हे मी आजही छाती काढून सांगतो; कोणाला गर्व वाटला तर वाटो. म्हणून तर आत्याबाईनं मृत्युपत्र केलं तेव्हा त्यात व्यवस्थापक म्हणून माझं नाव घातलं, थोरल्या भावाचं नाही. "थोरला कामाचा हाय, पन कागद तुलेच समजतात," ती म्हणाली होती.

आत्याबाई बालविधवा. आजोबांनी तिला अकोल्यात दोन खोल्यांचं घर बांधून दिलं होतं. नवऱ्यानं टाकलेली माझी धाकटी बहीण तिच्याजवळ राहायची, शिवणकाम करायची. शेवटची दोन वर्षं आत्याबाईला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं तिनंच केलं. आत्याबाईनं घर तिलाच लिहून दिलं. माझं काम एवढंच होतं, की ते तिच्या नावावर करून द्यायचं.

मी तेव्हा अमरावतीला एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. तेरवीला निघण्याआधी कायद्याचं जाड इंग्रजी पुस्तक मागून आणलं आणि कलमं स्वतः वाचली. वकिलाला विचारावं असं मनातही आलं नाही. विचारायला मी काय अंगठेबहाद्दर होतो? तेरवीच्या पंगती उठल्यावर मी मृत्युपत्र वाचून दाखवलं आणि एका कलमाचा अर्थही सांगितला. माणूस गेल्यावर वर्ष होईपर्यंत व्यवस्थापकानं कोणाला काही द्यायचं नाही.

थोरला भाऊ मान डोलवत होता. चौथीतून शाळा सोडून तो कापूस पिंजायच्या कारखान्यात, जिनात, कामाला लागला होता. त्यानं कापसाच्या गाठी उचलल्या म्हणून मी कॉलेजात बसू शकलो. त्याचा शब्द मला बापाच्या शब्दासारखा.

"बराबर हाय," तो म्हणाला. "वर्षश्राद्ध झाल्याबिगर मयताच्या वस्तूले हात लावूच नाई. तुया कायदाबी तेच म्हनते. पन हे एकटी बाई इथं वर्षभर राहीन कशी? हिले तू अमरावतीले ने. घर मी पाहातो. रिकाम्या घरात घुशी व्याते."

"मी काहून जाऊ?" बहीण म्हणाली. "मले काई भेव नाई लागत."

"कायदा हाय, बाई," मी म्हणालो.

तिनं शिलाई मशीनवर जुनं लुगडं टाकलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी ती भावाच्या हातात ठेवली.

अमरावतीला दर महिन्याला ती विचारायची, "किती रायले?" मी कॅलेंडरवर बोट ठेवून सांगायचो. ठामपणे सांगायचो.

वर्षश्राद्धाला आम्ही दोघं अकोल्याला गेलो, तर वहिनी आणि पोरं त्याच घरात राहायला आलेली. वहिनी बहिणीच्या मशीनवर पोरांच्या चड्ड्या शिवत होती. जेवणं झाल्यावर मी टाइप करून आणलेला, व्यवस्थापक म्हणून माझ्या संमतीचा कागद काढला.

"दादा, वर्ष झालं. आता घर हिच्या नावावर करून टाकू."

त्यानं फळीवरून घरपट्टीची पावती काढली. "नाव चढलं लेका. मायं."

"तुयं कसं चढलं?"

"वारस म्हनून अर्ज देल्ला. नगरपालिकेनं नोटीस लावली, कोनाची हरकत असंल तं मुदतीत सांगा. कोनीच आलं नाई."

"नोटीस लावली कोठी?"

"याच दाराले."

"दाराच्या आत तं तूच होता!"

"मंग? मले हरकत नोती."

पंगतीतलं कोणीतरी फिसकन हसलं. भाऊ हसला नाही. "अन् तूच सांगतलं ना भरल्या पंगतीत, वर्षभर कोनाले काई द्याचं नाई. तुयाच कायद्यानं चाललो मी."

तेरवीला मान डोलवली तेव्हाच त्यानं हे ठरवलं होतं, की घरात राहता राहता मन फिरलं? मला आजही उलगडत नाही. गाठी उचलणारा आणि पावती दाखवणारा हात एकच होता, एवढं मात्र मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन एका म्हाताऱ्या वकिलाकडे गेलो. त्यांनी कलम काढून माझ्यापुढे धरलं. "गुरुजी, व्यवस्थापक वर्षाच्या आत देण्यास बांधील नाही, असं लिहिलंय इथं. म्हणजे कोणी घाई केली तर त्याला थांब म्हणता येतं. देऊ नये, असं कुठंय? तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सही केली असती तर काम झालं असतं." मग म्हणाले, "नुसतं नाव चढल्यानं मालकी जात नाही. दावा लावता येईल."

बाहेर पडल्यावर मी रस्ताभर भावाला शिव्या देत होतो. बहीण मध्येच थांबली.

"दादानं घर घेतलं, हे खरं. पन मले त्या घरातून काढलं कोनं? त्याले वर्ष पाह्यजे होतं, तू देल्लं." पुन्हा चालू लागत म्हणाली, "दावा लाव. अन् कोर्टात सांग, तुले ते वाक्य समजलं नोतं. मोठ्यानं सांग."

ते सांगावंच लागलं, कारण बहिणीनं राजीखुशीनं हक्क सोडून घर खाली केलं, असं भावाचं म्हणणं होतं. त्याच्या वकिलानं मला पिंजऱ्यात विचारलं, "आपण पदवीधर?"

"हो."

"इंग्रजी शिकवता?"

"हो."

"आणि हे एवढंसं इंग्रजी वाक्य आपल्याला समजलं नाही?"

"नाही समजलं. तिनं घर सोडलं नाही. मी तिला सोडायला लावलं."

कोर्टात हशा पिकला. भाऊ खाली पाहत होता.

निकाल बहिणीच्या बाजूनं लागला, पण त्यात काही वर्षं गेली. भावानं घर सोडलं आणि माझ्याशी बोलणंही. ताबा मिळाला त्या दिवशी मी तिच्याबरोबर घरापर्यंत गेलो. ती आत जाऊन खिडक्या उघडत होती. आत ये म्हणेल म्हणून मी दारात उभा राहिलो.

"अमरावतीची पाचची गाडी भेटन तुले," ती आतूनच म्हणाली.