परत आलेला ईमेल

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेठने सुरतच्या ऑफिसात ईमेल घेतला. वेबसाइट आणि ईमेल दोन्ही त्याच्या ओळखीच्या एका होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर होते. टाइप करणारा मी. शेजारच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या शेठच्या मागांवर माझा थोरला भाऊ कारागीर, आम्ही दोघं डिंडोलीत राहायचो.

परदेशातल्या एका व्यापाऱ्याला भावाने विणलेलं सॅम्पल कुरियरने पाठवलं होतं. पसंत आहे का, हे विचारणारा ईमेल मी केला आणि तो परत आला. समोरच्या सर्व्हरने नाकारला, असं त्यात लिहिलं होतं. सुरतेच्या बाजारात माल परत आला की कारण कोणी विचारत नाही, सरळ विणाईत खोट शोधतात. शेठने तेच केलं. मी सांगून पाहिलं की माणसाने नव्हे, मशीनने नाकारलंय. तो म्हणाला, मशीन तरी कुणाचं, त्याचंच ना? त्याच दुपारी कारखान्यात सगळ्यांदेखत त्याने भावाला मागावरून उठवलं.

माझं डोकं फिरलं. मी होस्टिंगवाल्याला गाठलं. त्याच्या सर्व्हरवरून कोणीही कुणालाही ईमेल पाठवू शकत होतं, कुलूपच नव्हतं. कुणीतरी तिथून केस उगवण्याच्या औषधाच्या जाहिराती जगभर सोडत होता, म्हणून लोकांनी त्या सर्व्हरचे सगळेच ईमेल घेणं बंद केलं होतं, आमचेही. तक्रारी कधीच्या येऊन पडल्या होत्या. होस्टिंगवाल्याने त्या उघडल्या नव्हत्या.

"जो अपना ग्राहक नहीं, उसकी शिकायत मैं क्यूँ पढ़ूँ?" त्याने शांतपणे विचारलं. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं, असं मला वाटलं.

मग मी शेठच्या मागे लागून त्या व्यापाऱ्याला फोन लावून घेतला. सॅम्पल त्याला आवडलं होतं. आमच्याकडून पुढे काहीच आलं नाही म्हणून त्याने ऑर्डर दुसरीकडे दिली होती.

शेठ माणूस वाईट नव्हता. त्याने भावाला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, चहा मागवला आणि चूक झाली, उद्यापासून ये म्हणाला. भावाने चहा घेतला नाही. बाहेर येऊन मला आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाला, "काढं सगळासमोर, आते कानमा सांगस?"

तो हजीऱ्याला पाइप उचलायच्या कामावर लागला. शेठने होस्टिंगवाला मात्र बदलला नाही. ओळखीचा होता.