घोडीचं पदक

दसऱ्याला आमच्या वाडीत कुणी कोयता पुजी, कुणी नांगर. विठोजी दफेदार मात्र पाटावर घोड्याचा लगाम मांडत, त्याला आपलं शौर्यपदक टाचत आणि पुढे मूठभर भिजवलेले हरभरे ठेवत. लग्न होऊन मी आंजर्ल्याजवळच्या त्या वाडीत आले, तेव्हा पहिल्या दसऱ्याला शेजारी म्हणून त्यांच्याकडे हळदकुंकू घेऊन गेले. दफेदार म्हणाले, "सूनबाय, आधी तिला लाव." ती म्हणजे मैना, त्यांची घोडी. जर्मन युद्धात बसऱ्याकडे मेलेली!

वाडीत घोडा औषधालासुद्धा नव्हता, पण घोडदळातला वीर आपला म्हणून तोरा केवढा. शिमग्यात पालखीपुढे दफेदारांचा मान. ते बिचारे विचारेल त्याला खरं सांगत. गोळीबार झाला, मैना बिथरली आणि थेट शत्रूच्या खंदकाकडे सुटली. दफेदार तिच्या मानेला मिठी मारून "थांब गो बाय" म्हणून विनवतायत. मागच्यांना वाटलं, दफेदार चाल करून निघाले. सगळे मागोमाग आले आणि खंदक हाती लागला. "पराक्रम घोडीनं केलान, मी नुसता वर होतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोक म्हणत, काय हा विनय! मला अस्सा राग यायचा त्या लोकांचा.

एका हिवाळ्यात जिल्ह्याचा गोरा साहेब वाडीत यायचा होता. आमच्या वहाळावर माडाच्या दोन कुजक्या खोडांचा साकव होता. माझी जाऊ त्यावरून पडून हात मोडून घेऊन बसली होती. गावकाराने दफेदारांना बजावलं, पदक लावून या, पराक्रम सांगा, साहेब खूश झाला की साकव मागू. दफेदार अडून बसले. खोटं बोलणार नाही म्हणाले. शेवटी मीच गेले आणि जावेच्या मोडक्या हाताची आठवण करून दिली. तेव्हा म्हणाले, "बरं. खोटं नाय बोलणार, पण गप्प बसेन."

साहेबाने काही विचारलंच नाही. पदक पाहून इतका हरखला, की स्वतःच्या घोडीवरून उतरला आणि लगाम दफेदारांच्या हाती दिला. मैना गेल्यापासून ते घोड्यावर बसले नव्हते. चेहरा पांढराफटक पडला, पण सगळी वाडी बघत होती, म्हणून चढले. तेवढ्यात आमच्या शहाण्यांनी मानवंदना म्हणून ढोलताशे बडवले. घोडी उधळली ती सरळ साकवावर. खोडं कडाडून मोडली आणि घोडी, दफेदार, पदक सगळं वहाळाच्या चिखलात.

घोडी बाहेर काढता काढता संध्याकाळ झाली. साहेबाला गुडघाभर चिखल तुडवत वहाळ ओलांडावा लागला. पावसाआधी जांभ्या चिऱ्याचा पक्का साकव उभा राहिला. साकवाची दुरवस्था दाखवायला दफेदारांनी जीव धोक्यात घातला, असं साहेब त्या संध्याकाळी जाताना सगळ्यांदेखत म्हणाला होता. तेव्हा दफेदार कानातलं पाणी काढत माझ्याकडे वळले, "हेपण घोडीनंच केलान गो."

चारेक वर्षांनी ते गेले. अंगणात गावकाराने कौतुकाने पदक त्यांच्या छातीवर लावलं. मी पुढे होऊन ते काढलं. पुरुषमंडळी खवळली, सासरे डोळे वटारू लागले, पण मी ऐकलं नाही. रडत रडतच ते लगामाला टाचलं. आदल्याच आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, "सूनबाय, पदक माझ्यासंगं देऊ नको. वर मैना भेटली, तर तिला कुठल्या तोंडानं दाखवू?"