यादीतून गाळलेला निकाल

आमच्या वकिलांच्या हेडक्लार्कना सगळे 'संदर्भमहाराज' म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात. मला माझी टायपिस्टची नोकरी टिकवायची आहे. जुन्या निकालाचा दाखला कसा द्यायचा, याचे त्यांचे नियम पक्के: आधी पक्षकार, मग साल, मग खंड, मग पान. एका निकालाला जे छोटं नाव दिलं, तेच शेवटपर्यंत. एकदा मी साल आधी टाकलं, तर गृहस्थ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरीही तीच तऱ्हा. साखरेच्या आधी वजन लिहिलं म्हणून काकूंना वाण्याची अख्खी यादी पुन्हा लिहायला लावली. आता बोला!

तेव्हा कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या मावशींची केस चालू होती. बावीस वर्षं चालवलेलं दुकान मालकाला रिकामं करून हवं होतं. कोर्टात बोलणं संपलं होतं, फक्त लेखी म्हणणं द्यायचं बाकी होतं. तेवढ्यात वकीलसाहेबांना एक नवा निकाल सापडला. अगदी मावशींसारखीच केस, आणि भाडेकरू जिंकलेला! पण निकाल इतका ताजा, की अजून कुठल्या पुस्तकात छापलाच नव्हता. खंड नाही, पान नाही.

"यादी लंगडी दिसतेय," लेखी म्हणण्याला जोडायची निकालांची यादी बघत महाराज म्हणाले.

"काका, खटल्याचा नंबर आणि तारीख टाकू या ना. तसं चालतं."

"वरच्या तीन निकालांना एक पद्धत आणि याला दुसरी? माझ्या हातून असला कागद जाणार नाही."

आणि त्यांनी तो निकाल सरळ खोडला. मला संताप आला, पण टाइप केलं मीच. साहेबांनी घाईघाईत न वाचताच सही ठोकली.

पंधरा दिवसांनी निकाल आला. न्यायाधीशांनी आमच्या कागदांच्या नेटकेपणाचं कौतुक केलं होतं. पुढे लिहिलं होतं, की नेमक्या मुद्द्यावर भाडेकरूने एकही निकाल दाखवला नाही. दुकान महिन्याभरात रिकामं करावं.

मावशी धावत आल्या. महाराजांचा चेहरा फुलला होता. त्यांनी कौतुकाचं वाक्य बोट ठेवून, सावकाश वाचून दाखवलं.

मावशींनी हात जोडले. "देव तुमचं भलं करो. म्हणजे दुकान वाचलं ना?"

महाराज पान उलटत बसले. दुकान गेल्याचं शेवटी मलाच सांगावं लागलं. खोडलेल्या निकालाबद्दल मात्र आम्ही दोघांनीही तोंड उघडलं नाही.